सभा तहकूब का होते?

महापालिकेची सर्वसाधारण सभा सुरू असते. एवढ्यात एखादा नगरसेवक उठतो, “महापौर, गणसंख्या मोजा!” नगरसचिव हजर सदस्य मोजतात. कायद्याने ठरवलेली किमान संख्या भरली नाही, की सभा तहकूब. पाणीपुरवठ्याचा, रस्त्याचा प्रस्ताव तसाच पडून राहतो. तरीही ही अट हवीच, नाहीतर मूठभर मंडळी अख्ख्या शहराचा निर्णय घेऊन मोकळी होतील.

मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांना १९४९ चा कायदा लागू आहे. त्यानुसार सर्वसाधारण सभेखेरीज स्थायी समितीही असते, तिच्यात १६ सदस्य. निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी याच समितीपुढे येतं. तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्याही असतात. आणि सर्वसाधारण सभेचं म्हणाल, तर तिला कोण हजर होतं, त्यांची नावं इतिवृत्तात नोंदलेली असतात. ती जरूर पाहा.