कामाचे तास आणि घराचे तास
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कामाचा दिवस कोठे संपतो आणि कामगाराचे स्वतःचे आयुष्य कोठे सुरू होते, हा प्रश्न अलीकडे व्यक्तीच्या शिस्तीचा म्हणून मांडला जातो. वेळेचे नीट नियोजन केले की नोकरी आणि संसार यांचा तोल आपोआप साधतो, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने बालकामगारांच्या तासांवर मर्यादा घातली. प्रौढांना काहीच दिले नाही. मुंबईच्या गिरण्यांत त्यांना आठवड्याची हक्काची सुटीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे आठवड्याच्या कामाची मर्यादा १९२२ मध्ये ६० तास, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ तास झाली. तेव्हा संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन बसण्याचा अर्धा तास ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ती पिढ्यांनी लढून मिळवलेली मिळकत आहे.

मिळवलेले राखावेही लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असा युक्तिवाद केला जातो. परंतु बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा वेळ वजा केला, की उरते ती केवळ झोप. थकलेले शरीर आठवड्याच्या सरासरीने विसावत नाही. तामिळनाडूत २०२३ साली बारा तासांच्या दिवसाची वाट मोकळी करणारे विधेयक संमत झाले होते. कामगार संघटनांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले.

पण हिशेब येथेच थांबवला तर तो अर्धा राहील. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुळीच घरकाम न करणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत. कारखान्याचा भोंगा स्त्री कामगाराची एक पाळी संपवतो, तेव्हा तिची दुसरी सुरू होते.

आठ तासांसाठी घोषणा देणारा कार्यकर्ता रात्री सभेहून परततो, तेव्हा झाकून ठेवलेले ताट कोणाच्या तासांतून आले, हे त्याने स्वतःस विचारले पाहिजे. सभेची वेळ ठरवताना शाखेनेही विचारले पाहिजे, की या वेळी स्त्री सभासद येऊ शकतील काय? मुलांना कोण सांभाळील?

कामाचा दिवस वाढू नये, कामाच्या ठिकाणी पाळणाघर असावे, आणि घरकामाची वाटणी व्हावी, या तिन्ही मागण्या एकाच लढ्याच्या आहेत. पहिल्या दोन मालकाशी आणि सरकारशी झगडून मिळवाव्या लागतील. तिसरीला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. तिची अंमलबजावणी आज रात्रीपासून होऊ शकते.