भंगारात नाही द्यायची: आर्णीतल्या ओम्नीची गोष्ट

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज गाडी. म्हणजे आर्णीला आमच्या घराच्या बाजूला, कडुलिंबाखाली चार वर्षं उभी असलेली ओम्नी.

थोडी ओळख करून देतो. ही गाडी १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये बंद झाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. सिनेमावाल्यांनी तिला किडनॅपिंगची गाडी करून टाकलं. आमच्या गल्लीत मात्र ती दवाखान्याची गाडी होती. रात्री-अपरात्री कुणाला यवतमाळला न्यायचं असलं की लोक बाबांचं दार वाजवायचे. चाळीस-एक किलोमीटर. बाबा शर्टाची बटणं लावत लावतच गाडीत बसायचे.

२०२१ मध्ये बाबा गेले. मी पुण्यात, आईला गाडी येत नाही. गाडी जागेवरच राहिली.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी घरी गेलो तेव्हा एक भंगारवाला १८,००० द्यायला तयार होता. मी म्हटलं, देऊन टाकू. आई गप्प. मला वाटलं, तिला विकायचीच नाही. रात्री जेवताना ती म्हणाली, "विकू नोको असं मी कधी म्हटलं? भंगारात नोको देऊ म्हटलं. चालती करून दे कोणाले."

झालं. आठ दिवसांची सुट्टी टाकली.

पहिली चूक पहिल्याच दिवशी करणार होतो. शेजारच्या गाडीची बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारणार, तेवढ्यात मिस्त्री चाचा आले. "काहून बाप्पा, इंजिनीअर हो न तुम्ही? आधी आतमध्ये काय झालं ते तं पाहा!" मग समजलं. गाडी वर्षानुवर्षं उभी असली की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल उतरून जातं, गंज धरतो. तसंच फिरवलं तर रिंगा ओरबाडतात. म्हणून प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी इंजिन आधी हाताने फिरवून बघायचं. आमचं फिरलं. मी तिथेच उडी मारली.

पुढे टाकी. जुनं पेट्रोल उघडलं तर वार्निशसारखा वास. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, मग टाकीच्या तळाला पाणी साचतं. सगळं काढलं, टाकी धुतली, पंप बदलला. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं. मागचे ब्रेक ड्रमला चिकटले होते, कारण गाडी हँडब्रेक लावून उभी केली होती. हे लक्षात ठेवा: गाडी फार दिवस ठेवायची असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक नको. टायर दिसायला बरे होते, पण रबराला भेगा. चारही बदलले.

पाचव्या दिवशी ती सुरू झाली. आई ओट्यावर आली, आवाज ऐकला आणि आत गेली. मी काही विचारलं नाही.

आता खरा त्रास सांगतो: कागद. गाडी बाबांच्या नावावर. मालक वारल्यावर फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत. आम्ही चार वर्षं झोपलो. वर नोंदणी २००८ ची, म्हणजे १५ वर्षं २०२३ मध्येच संपलेली. नूतनीकरणाची फी आधी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,०००. शिवाय उशिराचे दर महिन्याला ५००. आमचे १६ महिन्यांचे ८,०००. मग पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी नंबर प्लेट, ७४५ रुपये अधिक जीएसटी. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून तपासणीला यवतमाळला टेम्पोवर चढवून नेली. आठ दिवसांत कसलं होतंय! पुण्याहून आणखी दोन चकरा मारल्या.

हिशोब सांगतो, काही लपवत नाही. गाडीवर २८,७००. कागद आणि वाहतूक २४,३००. एकूण ५३,०००. रंग आणि सीट कव्हरवर एक रुपया घातला नाही, कारण ते पैसे परत येत नाहीत.

गिऱ्हाईक दिग्रसकडचं. नवरा-बायको, आठवडी बाजारात कपड्यांचं दुकान लावतात. मी ८७,००० सांगितले होते. मधल्या सीटखाली पत्रा सडलाय, वर मॅट आहे. एकाने मला सल्ला दिला होता, "मॅट उचलू नको." आईने त्यांना चहा दिला आणि मलाच विचारलं, "खालचं दाखवलं का त्यायले?" मॅट उचलली. ५,००० कमी झाले. ८२,००० ला गाडी गेली.

म्हणजे हातात २९,०००. भंगारापेक्षा ११,००० जास्त, आणि त्यात माझी सुट्टी, बसभाडं धरलेलं नाही. नुसता पैसा बघायचा असेल तर हा उद्योग करू नका, भंगारवाल्याला फोन लावा.

एक शेवटचं. पैसे घेतले, चावी दिली, म्हणजे सुटलो असं नाही. फॉर्म २९ आणि ३० भरा आणि नाव बदललंय याची ऑनलाइन खात्री करा. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अपघाताच्या भरपाईला नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक जबाबदार. गाडी मधे चार हात फिरली तरी.

आणि घरात कुणी गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी उभी असेल, तर कागद या महिन्यात करा. आम्ही दुःखात होतो म्हणून उशीर झाला, पण मीटर थांबत नाही.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. बाजारात तिला ओम्नी दिसली, मागे कपड्यांचे गठ्ठे. "चालून राह्यली रे," एवढंच म्हणाली.

तुमच्याकडे अशी गाडी उभी आहे का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.