ईर्यासमिती आणि वाहनाचा वेग

(सुवर्णमहोत्सवी युवक मेळाव्यात केलेले भाषण)



मी व्यवसायाने कापड व्यापारी. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु कार्यकर्त्यांनी ‘तरुणांना दोन शब्द सांगा’ असा आग्रह धरला, तेव्हा माझ्या तारुण्यातील एक चूक सांगण्याचे मी ठरविले. चाळीस वर्षांत ती मी चारचौघांत कधी बोललो नाही.

सन १९८३. बी.कॉम. होऊन मी नुकताच पेढीवर बसू लागलो होतो. त्या काळी बजाज स्कूटरसाठी नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनी पेढीच्या कामासाठी घेतलेली स्कूटर माझ्या हाती आली आणि मला आकाश ठेंगणे झाले. रात्री दुकान वाढविल्यावर आम्ही मित्र नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत शर्यत लावीत असू. डोक्यावर हेल्मेट नाही, मनात भय नाही.

श्रावणातील एका रात्री पाऊस पडून गेला होता. शर्यत जिंकल्याच्या धुंदीत मी ठाकूरद्वार नाक्यापाशी आलो. इतक्यात बाजूच्या गल्लीतून एक वृद्ध हमाल कापडाची गाठ लादलेली हातगाडी घेऊन बाहेर आला. ब्रेक दाबताच ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरली. त्याने सर्व शक्तीनिशी हातगाडी मागे रेटली. गाठ रस्त्यावर पडली आणि मी तिच्यावर जाऊन आदळलो. कापडाने मला वाचविले. तो धावत आला व मला उठवीत म्हणाला, “मालक, लागलं का कुठं?” मी उत्तरही दिले नाही. स्कूटरचा पत्रा किती चेपला, हेच पाहत राहिलो.

घरी वडील रागावले नाहीत. सर्व ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, “आणि त्याला कुठे लागले?” मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

दोन दिवस शोधल्यावर तो मूळजी जेठा मार्केटबाहेर भेटला. मनगट सुजले होते, मजुरी बुडाली होती. मी हात जोडून क्षमा मागितली व वडिलांनी दिलेले पैसे पुढे केले. बुडालेल्या मजुरीपुरतेच घेऊन तो म्हणाला, “माझी गाडी मी ओढतो, मालक. तुमची गाडी तुम्हांला ओढते.”

बंधूंनो, इरियावहियं सूत्र मला लहानपणापासून मुखोद्गत होते. जाता-येता आपल्याकडून दुखावलेल्या, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा त्यात मागितली जाते. तो हमालही त्या पंचेंद्रियांत येतो, हे मला त्या दिवशी उमजले.

आपले साधू-साध्वी सुमारे चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. हीच ईर्यासमिती. चालणाऱ्याला चार हात पुरतात, वाहनाला किती? व्यापाऱ्याच्या रीतीने हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे दोन नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरावीत, तेवढा रस्ता ब्रेक लागण्यापूर्वीच संपतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक.

सन २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत दगावली. त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाने झाले. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण पालकांनो, केवळ कायद्याच्या भयाने नव्हे, तर मुलाला ‘समोरच्याला लागेल का?’ हा प्रश्न पडू लागला आहे का, हे पाहून मगच चावी त्याच्या हाती द्या.

तो हमाल आज हयात नसावा. परंतु प्रत्येक संवत्सरीला क्षमापना करताना माझे हात प्रथम त्याच्यासाठी जोडले जातात.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.