बागेला पाणी घालणाऱ्याची वारी

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



शंभर वर्षांचा हिशेब आधीच्या वक्त्यांनी मांडलाच आहे. आम्हाला बोलायचंय ते देवळामागच्या बागेबद्दल, आणि त्यात थोडी कबुली पण आहे.

पहिल्या वर्षी प्रस्थानाच्या आधी आपण सगळ्यांनी मिळून तुळस, झेंडू लावला, अन्नदानासाठी दोडका, वांगी लावली. फोटो काढले, नारळ फोडला आणि आळंदीला गेलो. तिथून पंढरपूर अठरा-वीस दिवस. द्वादशीला पारणं सोडून परत आलो, तर तुळशीच्या काड्या उरल्या होत्या. दुसऱ्या वर्षीही तेच. मग कुणी म्हणालं, जमीनच वाईट. जमीन वाईट नव्हती, आपण वाईट होतो.

सोलापूरचा पाऊस सालाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात पडतो. आषाढात ढग नुसते वरून जातात हे आपल्याला ठाऊक असताना आपण आषाढाच्या तोंडावरच रोपं लावत होतो. आता लावणी गणपतीनंतर. उन्हाळ्यासाठी प्रत्येक झाडाच्या बुडाशी मातीचं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय. त्यात पाणी भरून झाकण ठेवलं की ते पाझरत राहतं, मुळं तिकडं वळतात. वरून उसाचं पाचट. पंगतीला भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चारीनं बागेत सोडतो. भांडी राखेनं घासायची, साबणाचं पाणी त्या चारीत नाही, हे स्वयंपाकाच्या माउलींनी ठरवलं आणि आमच्यापेक्षा कडक पाळलं.

पण मडकं कुणीतरी भरायला लागतं. खरा वाद इथं झाला. वारीच्या दिवसांत दोघांनी मागं राहावं, पाळीपाळीनं, असं आम्ही सुचवलं, तर बैठकीत आवाज चढले. "तीस वर्षं वारी चुकली नाही, आता झाडासाठी चुकवू?" हा प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्या माळकऱ्याला उत्तर देण्याची आमची लायकी नाही. नेम मोडायला कुणी सांगू नये.

तरी एक बघा. सावता महाराजांचं अरण आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, असं आपली परंपराच सांगते. १२९५ साली समाधी घेतली तीही अरणलाच. आणि आजही आषाढीनंतर त्यांच्या भेटीला पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. संतांच्या पालख्या देवाकडे जातात, इथं देव माळ्याकडे येतो. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात लोकांच्या हातून तळं खोदवलं, तेही देवाचंच काम मानून.

म्हणून मंडळाचा ठराव असा: मागं राहणं कुणावर लादायचं नाही. जे स्वखुशीनं राहतील त्यांचं नाव दिंडीच्या यादीत चालणाऱ्यांबरोबरच लिहायचं. वीणा रोज हात बदलते तशी बादली बदलेल. परत आल्यावर काल्याचा पहिला प्रसाद त्यांना.

ज्या माळकऱ्यांनी प्रश्न विचारला, ते औंदाही चालणार आहेत. त्यांच्या सूनबाईंनी मात्र मागं राहण्यासाठी नाव दिलंय. दुसरं नाव अजून हवंय. वही वीणेकऱ्यांजवळ आहे.