पुरलेल्या वायूची चाहूल

कुंभाराकडे मडके विकत घेताना जाणता माणूस त्यावर आधी टिचकी मारून पाहतो. आवाज खणखणीत आला तर मडके चांगले. बद्द आला तर कोठेतरी तडा गेला आहे, हे तो ओळखतो. त्यासाठी मडके फोडावे लागत नाही. वैद्य रोग्याच्या छातीवर बोटे ठोकून फुफ्फुसांची परीक्षा करतो, तीही याच तत्त्वावर. या व्याख्यानाचा विषय दिसायला दूरचा असला, तरी त्याचे मूळ या टिचकीतच आहे. फरक इतकाच, की येथे टिचकी मारावयाची ती समुद्रतळाखालच्या खडकावर, आणि ओळखावयाचे ते सुमारे एक किलोमीटर खोलीवर पुरलेल्या वायूचे वर्तन.

कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायॉक्साइड वातावरणात साठत चालला आहे आणि त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे. हा वायू धुरांड्यातून सुटण्यापूर्वीच पकडून खोल भूगर्भात कोंडून ठेवावा, हा त्यावरील उपायांपैकी एक. पण उपाय सांगताच श्रोत्यांच्या मनात एक शंका उभी राहते, आणि ती रास्त आहे. पुरलेला वायू पुरलेलाच राहील कशावरून? तो हळूहळू वर झिरपला, तर सारा खटाटोप व्यर्थ. 1986 साली कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी साचलेला हाच वायू एका रात्री अचानक उसळून बाहेर पडला आणि सुमारे 1,700 माणसे गुदमरून मेली. ती घटना ज्वालामुखीच्या प्रदेशातील सरोवराची होती. खोल खडकातील साठ्याशी तिची सरळ तुलना करता येत नाही. तरीही लोकांना केवळ आश्वासन पुरत नाही, पुरावा लागतो, हे तिच्यावरून कळावे.

असा पुरावा सर्वांत दीर्घकाळ गोळा झाला तो उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात. तेथील नैसर्गिक वायूत कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण नऊ टक्क्यांपर्यंत होते. विक्रीसाठी ते अडीच टक्क्यांवर आणणे भाग होते. वेगळा काढलेला वायू हवेत सोडून देणे सोपे होते. पण नॉर्वेने 1991 पासून अशा उत्सर्जनावर कर बसविला होता. तेव्हा 1996 पासून तो वायू उत्सिरा नावाच्या वालुकास्तरात दाबून भरण्यास आरंभ झाला. वर्षाला सुमारे दहा लाख टन, या हिशेबाने पहिल्या वीस वर्षांत दीड कोटी टनांहून अधिक वायू तेथे उतरविला गेला.

उत्सिरा ही काही पोकळ गुहा नव्हे. तो दोनशे-तीनशे मीटर जाडीचा, भुसभुशीत वाळूचा थर आहे. त्याच्या आकारमानापैकी एक-तृतीयांशाहून अधिक भाग कणांमधील फटींचा, आणि त्या फटी खाऱ्या पाण्याने भरलेल्या. इतक्या खोलीवरील दाबाखाली कार्बन डायॉक्साइड दाट होतो, तरी त्याची घनता पाण्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच राहते. साहजिकच तो पाण्यातून वर चढू पाहतो. त्याला अडवितो तो वरचा शेकडो मीटर जाडीचा चिकणखडकाचा थर. या झाकणाखाली वायू कसा पसरतो, हेच पाहावयाचे असते.

ते पाहण्याची रीत अशी. जहाजामागे बांधलेल्या एअरगनमधून दाबलेली हवा एकदम सोडून पाण्यात ध्वनिलहरी उत्पन्न करतात. या लहरी खाली जातात आणि जेथे खडकाचा गुणधर्म बदलतो, तेथे त्यांचा काही अंश परत फिरतो. जहाजाने ओढत नेलेल्या लांबलचक केबलींवरील हायड्रोफोन हे प्रतिध्वनी टिपतात. कोणता प्रतिध्वनी किती वेळाने आला, यावरून थरांची त्रिमितीय प्रतिमा तयार होते. काही वर्षांनी त्याच जागी तीच मोजणी पुन्हा करतात. दोन प्रतिमांत फरक दिसला, तर तो वायूमुळे पडला असे मानण्यास आधार मिळतो. कारण खडक इतक्या थोड्या काळात बदलत नाहीत. यासाठी मूळ प्रतिमा मात्र वायू भरण्याच्या आधीची हवी. स्लाइप्नर येथे ती 1994 साली घेतली गेली होती. जमाखर्चात आरंभीची शिल्लक नोंदलेली नसेल, तर पुढचा हिशेब जुळत नाही, तसेच हे.

1999 साली दुसरी मोजणी झाली आणि चित्र पालटलेले दिसले. पाण्याने भरलेल्या या वाळूतून लहरी सेकंदाला सुमारे 2,050 मीटर वेगाने जातात. फटींत वायू शिरला की हा वेग 1,450 मीटरच्या आसपास घसरतो. त्यामुळे वायू असलेल्या जागी प्रतिध्वनी प्रखर झाले, आणि त्याखालच्या थरांचे प्रतिध्वनी उशिरा आल्याने ते थर खाली खचल्यासारखे भासले. वायू एका ढिगाऱ्यात न राहता एकावर एक अशा नऊ स्तरांत पसरला होता. वाळूत अधूनमधून चिकणमातीचे पातळ पापुद्रे आहेत, हे विहिरींच्या नोंदींवरून ठाऊक होते. पण 1994 च्या प्रतिमेत ते दिसले नव्हते. वायू त्यांच्याखाली थबकला, आणि ते प्रतिमेत उमटले. जणू अंधाऱ्या खोलीत धूर सोडावा आणि त्यावरून वाऱ्याची वाट कळावी! हे पापुद्रे वायूला पूर्णपणे अडवू शकले नाहीत, हेही त्याच वेळी कळले. तीन वर्षांच्या आत वायूचा काही भाग माथ्यावरील झाकणाला जाऊन भिडला होता. पुढील मोजण्यांत तो झाकणाच्या तळाशी असलेल्या उंचवट्याच्या आधाराने उत्तरेकडे सरकताना दिसला. झाकणाच्या वर मात्र वायू आढळला नाही.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या लहरी वायू कोठे आहे, हे चांगले सांगतात. किती आहे, हे तितके नेमके सांगत नाहीत. फटींत थोडासा वायू शिरला तरी लहरींचा वेग पुष्कळ घटतो. त्यानंतर वायू कितीही वाढला, तरी वेगात फारसा फरक पडत नाही. म्हणून स्लाइप्नर येथे 2002 पासून समुद्रतळावर गुरुत्वाकर्षणाचीही मोजणी केली गेली. पाण्याची जागा हलक्या वायूने घेतली, की तेथील गुरुत्वाकर्षण किंचित कमी होते, आणि ती घट वस्तुमानाशी थेट निगडित असते. एक साधन जागा सांगते, दुसरे वजन. दोघांची साक्ष जुळली तरच विश्वास ठेवावा.

सर्वच ठिकाणी खडक इतका अनुकूल नसतो. अल्जीरियातील इन सालाह येथे 2004 ते 2011 या काळात सुमारे 38 लाख टन वायू भरला गेला. तेथील वालुकाश्म पातळ, घट्ट आणि खोल. लहरींना तेथे स्लाइप्नरसारखे सुस्पष्ट चित्र मिळाले नाही. त्याऐवजी उपग्रहांनी जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे टिपले. एका विहिरीवरील उठावाच्या आकारावरून खाली भेग उघडली असावी, असे अनुमान निघाले, आणि 2011 साली वायू भरणे थांबविले गेले. उत्तर नॉर्वेजवळील स्नोव्हिट येथे दाब अपेक्षेपेक्षा वेगाने वाढला. फेरमोजणीच्या साहाय्याने कारण शोधून त्याच वर्षी वायू दुसऱ्या थरात वळविण्यात आला. ही उदाहरणे अपयशाची म्हणून सांगितली जातात. वस्तुतः वेळीच चाहूल लागली आणि हात आवरता आला, हेच त्यांचे सार होय.

भारताला हा धडा उपयोगी आहे. दख्खनच्या पठारावरील बेसाल्टचे थर लहरी विखरून टाकतात. त्याखालचे चित्र मिळविणे अवघड जाते. शिवाय भूगर्भातील द्रवाचा दाब बदलला, तर जुने प्रस्तरभंग हलू शकतात. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो, तो याच संदर्भात. म्हणून साठ्याची जागा निवडताना तेथे किती वायू मावेल, एवढेच विचारून भागणार नाही. तो तेथे दिसेल काय, हेही विचारले पाहिजे.

वायू पुरणाऱ्या पिढीपेक्षा पुरलेला वायू कितीतरी दीर्घायुषी असतो. युरोपीय संघाच्या 2009 च्या निर्देशानुसार साठा बंद झाल्यावरही जबाबदारी साधारणतः किमान वीस वर्षे चालकाकडेच राहते. कोणताही खडक कायमची हमी देत नाही. हमी देते ती नियमाने घेतलेली, सर्वांस तपासता येणारी मोजणी. मडके एकदा वाजवून घेतले, की काम संपते. येथे मात्र ते पुन्हा पुन्हा वाजवून पाहावे लागते, आणि उमटलेला आवाज, तो खणखणीत असो की बद्द, लोकांना खरा सांगावा लागतो.