सदर्कचें जॉर्ज पांथगृह

लंडनच्या सदर्क भागांतील ‘जॉर्ज’ पांथगृह म्हणतांच श्रोत्यांनीं आपली धर्मशाळा डोळ्यांपुढें आणूं नये. तेथें शय्येइतकीच मद्याचीही सोय असे! १६७६ च्या आगींत जळालेली ही वास्तु पुढल्याच वर्षीं पुन्हां उभी राहिली. मधल्या चौकांत टपालाच्या घोडागाड्या थांबत, आणि उतारू वरील लांकडी सज्ज्यांतून आपापल्या खोल्यांत जात.

आगगाडीनें हा व्यवसाय बुडविला. शेजारचें ‘टॅबर्ड’ चॉसरच्या यात्रेकरूंमुळें अजरामर झालेलें. तरी १८७३ त तें पाडलें गेलें. १८८९ त ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनें वखारींसाठीं ‘जॉर्ज’च्याही दोन बाजू पाडल्या. चौकावांचून सज्जांचें प्रयोजन कसें कळावें? उरलेली दक्षिणेकडील बाजू १९३७ त नॅशनल ट्रस्टकडे आली. सज्जे असलेलें असें पांथगृह लंडनमध्यें आतां हें एकच. पेयपान तेथें अद्यापि चालतें.