सुटून येणाऱ्याची जागा गावात राखा
(तालुका शिबिरात झालेलं भाषण, ऐकून उतरवलेलं)



आज प्लॉटवर बोलायचं ठरलं होतं. मी तुरुंगावर बोलणार आहे. पण विषय प्लॉटचाच आहे, पुढे कळेल.

जंगलच्या केसमध्ये आत गेलेली माणसं लवकर बाहेर येतात. त्यांना आपण हार घालतो, घोषणा देतो. पण आपल्याच पाड्यांतली काही माणसं लांब शिक्षेवर आहेत. दारूच्या भांडणात कुऱ्हाड चालली, बांधावरून डोकं फुटलं, भुताळी म्हणून कुणा बाईला मारलं. त्यांचं नाव कुणी काढत नाही. अशा माणसाला मुदतीआधी सुटता येतं का? येतं. कसं, ते नीट ऐका.

पहिली गोष्ट माफी. इथे माफी म्हणजे गुन्हा माफ झाला असं नाही. तुरुंगात काम आणि वागणूक चांगली ठेवली तर शिक्षेतले दिवस कमी होतात, त्याला माफी म्हणतात.

दुसरी फर्लो. त्याचे 1959 साली नियम झाले. त्या मूळ नियमांत शिक्षा एक वर्षाच्या वर आणि पाच वर्षांपर्यंत असली, तर भोगलेल्या दर वर्षामागे दोन आठवडे घरी सोडता येत होतं. पाचाच्या वर असली तर दर दोन वर्षांमागे दोन आठवडे. हे दिवस शिक्षेतच धरतात. पॅरोल वेगळा. त्याला घरातली मयत, मोठं दुखणं असं कारण लागतं आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. दोन्हींत परत जायची तारीख चुकवली तर साठलेली माफी कापली जाते आणि पुढची रजा अडते.

तिसरी गोष्ट जन्मठेपवाल्यांची. डिसेंबर 1978 पासून कायदा बदलला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली तर माफी कितीही साठो, 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढावीच लागतात. सुप्रीम कोर्टाने 1980 साली हा बदल कायम ठेवला. आणि चौदा वर्षं भरली की दार आपोआप उघडतं असंही नाही. अर्ज लागतो, सरकार ठरवतं.

आता गावाचं काम. फर्लोच्या नियमातच लिहिलंय, की घरी ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक पाहिजे आणि त्याने जामीन लिहून दिला पाहिजे. पोलीस गावात विचारायला येतात, हा आला तर भांडण होईल काय? तेव्हा आपण खाली मान घालतो, 'ठाऊक नाही साहेब' म्हणतो. झालं! अर्ज तिथेच बसला. सुटकेचा कागद तुरुंगातून निघतो खरा, पण त्याची अर्धी वाट आपल्या पाड्यातून जाते.

आणि सुटून तो येणार कुठे? घरधनी आत गेला की एकट्या बाईच्याने नांगर होत नाही. प्लॉट पडीक राहतो. मग गार्ड म्हणतो, कब्जा कुठाय? जुनी वहिवाट असली तरी हातची जाते. नाहीतर दीरच तिथे नांगर घालतो. दहा वर्षांनी माणूस येतो तर पाय ठेवायला वावर नाही. त्यात जातीत घ्यायचा म्हणून दंड आणि बकरा मागतात. त्यासाठी तो सावकाराकडे जातो. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गडी म्हणून बांधला जातो. ह्याला काय सुटका म्हणायचं?

सातारकडच्या औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षेचे कैदी तिथे बायकापोरांसह राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच निघाला. कैद्याला माणसात आणायचा तर त्याला जमीन आणि घरदार लागतं, हे एका राजालाही कळलं. आपल्याकडे जमीनही आहे, घरदारही आहे. ती राखायची एवढंच.

म्हणून चार गोष्टी ठरवू. आत असलेल्याचा प्लॉट गावाने सावडीने नांगरायचा, पीक त्याच्या बायकोच्या घरात जाईल. दंडाच्या पावत्या तिच्याजवळ जपून ठेवायच्या. चौकशी आली की पंचांनी सहीअंगठ्याने लिहून द्यायचं, की आम्ही ह्याला घेतो. आणि परत आलेल्याला जातीचा दंड नाही.

कुणी म्हणेल, माझा भाऊ ह्याच्या हातून मेला, त्याचं काय? बरोबर आहे. म्हणून लिहून द्यायच्या आधी पंचांनी त्या घरी जाऊन बसायचं. त्यांचं ऐकायचं, त्यांची भीती काय ती विचारायची. त्यांच्या पोरांचं वावरही सावडीत घ्यायचं. त्यांना डावलून केलेला कागद टिकणार नाही, आणि टिकूही नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आत असलेल्या आपल्या माणसाचं नाव, तुरुंग, केस नंबर आणि शिक्षेची तारीख लिहून आणा. लिहिता येत नसेल त्याने शाळेतलं पोर संगं आणा.

जिंदाबाद!